पाच जणांचा किताब

लंडनच्या दरबारातून मिळालेला वंशपरंपरागत ‘सर’ किताब ज्या घरात, तिथं निदान एखादं तैलचित्र तरी असेल, असं आसावरीला वाटलं होतं. एडिंबरामध्ये चार वर्षं इतिहास शिकून ती अमेरिकेत, हर्नडनला काकांकडे परतली होती. प्रत्यक्षात देवदत्तकाकांनी बेसमेंटमध्ये प्रेशर कुकरचं जुनं खोकं तिच्यापुढे सरकवलं. किताबाची सनद त्यात होती.

“तुझ्या पणजोबांनी गावातली पाच माणसं इंग्रजांना धरून दिली,” काका म्हणाले. “चिंचेवर फाशी. दोर स्वतः ओढले, बदल्यात हा कागद.”

“मग तुम्ही नावाआधी ‘सर’ का नाही लावलं?”

“माझ्या वडिलांनी लावलं होतं. तिसऱ्या दिवशी गळा आवळून गेले. बंद खोलीत एकटे होते, दोर कुठेच नव्हता. ते लावलं नाही तर ते पाच जण येत नाहीत. पन्नास वर्षं मी गप्प आहे, तो काय वेडा म्हणून?”

आसावरीनं सनद खोक्यात परत टाकली. “काका... इन्शुरन्सच्या कागदांत घालून मी किताब तुमच्या नावावर लावायचा फॉर्मही तुमच्याकडून साइन करून घेतला. तुम्ही किताब जाहीरपणे परत कराल, इंग्रजांना साथ दिल्याची माफी मागाल, म्हणून... सोमवारी ॲप्रूव्ह झाला.”

“आज वार कुठला?”

“गुरुवार.”

कोपऱ्यातलं हवेतला दमटपणा शोषणारं यंत्र बंद पडलं. ओल्या काथ्याचा वास आला. काका खुर्चीवरून उचलले गेले. पाय झाडत, स्वतःचाच गळा ओरबाडत ते अधांतरी लटकले. आसावरीनं त्यांचे पाय कवटाळून वर रेटले. वरून कितीतरी हात दमानं, एकदिलानं ओढत होते. मानेचं हाड कडकन मोडलं. तिच्या तोंडावर ऊन रक्त उडालं.

पोलिसांना दोर सापडला नाही.

सकाळी भावाचा, नकुलचा फोन आला. आवाज घोगरा होता. “यार, कालपासून कोणी गळा दाबल्यासारखं वाटतंय. तुझा फ्युनरलचा मेसेज वाचला, पण...”

काकांना मूलबाळ नव्हतं; फॉर्मवर पुढचा वारस म्हणून नकुलचं नाव तिनंच लिहिलं होतं. इतिहासात खोटं लिहायचं नाही, ही तिची शपथ होती. तरी तिनं लॅपटॉप उघडला आणि लंडनला कळवलं: ती नोंद चुकीची. पुरुष वारस कुणीही नाही. किताब संपला.

मिनिटभरात नकुल म्हणाला, “अगं, एकदम मोकळं वाटलं!”

किताब मुलींकडे जात नाही, हे तिला पाठ होतं. तरी बोलता बोलता तिचा हात स्वेटरची कॉलर सैल करायला गेला.

स्वेटरला कॉलर नव्हती.