वळणावरची पाटी

बसा, सांगते. मी त्या किनाऱ्यावर जीवरक्षक होते. त्या दुपारी खांद्यावर खांबासकट पाटी अन् हातात हातोडा घेऊन निघाले होते, एवढंच काम. बांधापलीकडच्या वळणावर पाणी आत ओढतं, म्हणून तिथं ‘पाण्यात उतरू नका’ अशी पाटी असायची. नवा फरसबंदी रस्ता झाला, काचेचं उपाहारगृह आलं, आणि पाटी काढली. का? तर फोटोत मध्ये येते! माणसं बुडाली तरी चालतील, फोटो नीट आला पाहिजे.

त्यानंतर एक पोरगी आत ओढली गेली. माझ्या जोडीचा जीवरक्षक भोंगा तिच्यामागे गेला. आवाज असा, की हळू बोलला तरी अख्खा किनारा वळून बघायचा, म्हणून भोंगा. पोरगी वाचली, तो गेला. आणि किनाऱ्याचा कारभार बघणारे साहेब सगळ्यांदेखत त्याच्या बायकोला म्हणाले, “प्यायला होता.” चहासुद्धा बिनसाखरेचा पिणारा माणूस! माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

वळणावर पोचले तर समुद्रावरून धुकं आलेलं. उपाहारगृहातलं गाणं मध्येच तुटल्यासारखं थांबलं. शेवाळाचा कुबट वास. खांब वाळूत उभा करते तोच साहेब आले.

“बाई, कुणाला विचारून?”

“बुडालेल्याला विचारून,” मी म्हटलं.

“काढा ते. आत्ताच्या आत्ता.”

तेवढ्यात पाण्यातून हाक आली, “बाई... ओढतंय मला...”

मी कमरेची दोरी सोडली, दोन पावलं धावलेही. मग थबकले. आवाज साहेबांचा होता.

साहेब माझ्या शेजारी उभे होते. तोंड मिटलेलं.

“कोण आहे तिकडे?” ते पुटपुटले.

“तो प्यायला नव्हता...” धुक्यातून त्यांचाच आवाज आला, अगदी शांत. “मला ठाऊक होतं... पाटी मीच काढायला लावली... कुणावर तरी ढकलायला हवं होतं...”

साहेबांनी दोन्ही हातांनी स्वतःचं तोंड दाबून धरलं. आवाज थांबेना. जवळ येत गेला. लाटा तर पार मंद झाल्या होत्या.

“धरा खांब,” मी ओरडले.

त्यांनी धरला. मी ठोकत राहिले. धुकं विरलं तेव्हा पाण्यात कुणी नव्हतं.

त्याच संध्याकाळी साहेब भोंग्याच्या घरी गेले. शेजारपाजार जमला असताना म्हणाले, “वहिनी, तो शुद्धीत होता. खोटं मी बोललो.” वहिनींनी त्यांना बसा म्हटलं नाही. बरोबरच केलं. माणसाच्या तोंडून खरं काढायला समुद्राला यावं लागतं, याचा मला अजून संताप येतो.

पाटी आहे तिथंच आहे. कुणी हात लावत नाही.

पण परवा मी वळणावर उभी राहून वहिनींशी फोनवर बोलत होते. बोलता बोलता त्यांनी मला मध्येच अडवलं.

“वहिनी?”

“ताई...” त्या हलकेच म्हणाल्या, “तुम्ही माझ्याशी बोलताय ना? मग तुमच्या मागून... तुमच्याच आवाजात... ‘ओढतंय मला’ अशा हाका कोण मारतंय?”

मला तर काहीच ऐकू येत नव्हतं.