खातं तुमच्याच नावाचं

"मीच माझे पैसे चोरले, असं कंपनी म्हणतेय!"

निशिगंधा केणीने मोबाइल टेबलावर आपटलाच. ऐरोलीतल्या झेरॉक्सच्या दुकानावर ते छोटं ऑफिस होतं. खाजगी तपासनीस राजलक्ष्मी भोईरने मोबाइल उचलून वाचायला घेतला. तिचे सहायक, निवृत्त हवालदार गोटीराम, चष्मा शोधू लागले.

निशिगंधा घरी बसून चित्रं काढायची. बेल्जियमच्या एका प्रकाशन संस्थेसाठी तिने पाच महिने खपून किड्यांच्या पुस्तकाची बत्तीस चित्रं केली होती. इनव्हॉइस पाठवलं होतं एका ऑनलाइन कंपनीच्या ॲपवरून. क्लायंटने पैसे ॲपवर भरायचे आणि कंपनीने ते रुपये करून तिच्या बँकेत टाकायचे, अशी पद्धत. या वेळी एक लाख चौऱ्याऐंशी हजार निघाले, पण तिच्याकडे पोहोचलेच नाहीत.

राजलक्ष्मीने कंपनीचं उत्तर मोठ्याने वाचलं. "तुमचं बँक खातं गेल्या रविवारी सकाळी अकरा चाळीसला तुमच्याच ॲपमधून बदललं गेलं. तुमच्या मोबाइलवर आलेला ओटीपी वापरला गेला. नवं खातं निशिगंधा मढवी या नावाचं असून ते पॅनवरील नावाशी जुळतं. शेवटचे आकडे ४४७१. रक्कम काल संध्याकाळी जमा झाली. सुरक्षेच्या कारणास्तव बँकेचं नाव सांगता येत नाही. तक्रार बंद."

"मढवी कोण?" गोटीरामांनी विचारलं.

"मीच. माहेरचं आडनाव. पॅनवर अजून तेच आहे. पण असं खातं मी उघडलेलंच नाही! तीनदा मेल केला. तीनदा तेच उत्तर. माझ्या खात्यात कुणी हात घातला आणि बँक कुठली ते मलाच सांगत नाहीत!"

"रविवारी अकरा चाळीसला कुठे होतीस?"

"तळवलीला, माहेरी. पूजा होती. माझे हात वड्यांच्या पिठात. फोन लॉक काढून गाण्यांसाठी हॉलमध्ये ठेवला होता. तिथे नंदकिशोर, माझे मिस्टर, बसले होते. माझा भाऊ केतन होता. आई आत माझ्यासोबत."

"माहेरी पैशाचे व्यवहार कोण बघतं?"

"बाबा गेल्यापासून केतन. जमिनीची भरपाई आली तेव्हा बाबांनी आम्हा दोघांच्या नावावर काहीतरी ठेवलं होतं. ते तुझ्या लग्नात संपलं, असं केतनने सांगितलं. मी पुन्हा विचारलं नाही."

"ॲपचा पासवर्ड आणखी कुणाकडे?"

"विपुलकडे. माझा टॅक्स तोच भरतो."

"कंपनीचं हे उत्तर कुणाला दाखवलंस?"

"कुणालाच नाही. आधी तुमच्याकडे आले."

राजलक्ष्मीने विपुल, नंदकिशोर आणि केतन, तिघांनाही एकामागून एक फोन लावले. प्रत्येकाला एकच वाक्य सांगितलं, "निशिगंधाचे परदेशातले पैसे मिळालेले नाहीत. तुम्हाला काही कल्पना?"

विपुल म्हणाला, "क्लायंटने भरले नसतील हो मॅडम. असं खूपदा होतं. मी ॲप बघतो, पण मला ओटीपी लागेल. दरवेळी ताईंना फोन करून मागतो."

"रविवारी मागितला होता?"

"छे! रविवारी मी साताऱ्याला होतो, साखरपुड्यात."

रविवारी त्याचा फोन आला नव्हता, हे निशिगंधाने मान हलवून सांगितलं.

नंदकिशोर वैतागला. "त्या कंपनीने अडवून ठेवले असणार! तिचं एकच खातं आहे मॅडम, केणी नावाचं. पॅन, आधार, सगळं केणीच असेल ना?"

केतन घाईत होता. "आता कुठे टेन्शन घेता मॅडम? आज सेकंड सॅटर्डे, बँक बंद. सोमवारी बघू. पैसे कुठे पळून जात नाहीत."

राजलक्ष्मीने फोन ठेवला. "चला तळवलीला. नंदकिशोरनाही बोलवा."

रिक्षात गोटीराम हळूच म्हणाले, "नवराच हाय बघा बाई. फोनपाशी बसलावता."

राजलक्ष्मीने कंपनीचं उत्तर पुन्हा वाचायला घेतलं.

तळवलीच्या घरात सगळे जमले. निशिगंधाची आई पुतळाबाई दाराशी बसली. केतन उभाच राहिला.

"चोराला तीन गोष्टी लागल्या," राजलक्ष्मी म्हणाली. "पहिली, निशिगंधाचा उघडा फोन, ज्यात ॲप आधीच लॉगइन होतं. तो रविवारी या हॉलमध्ये होता. विपुलकडे पासवर्ड आहे, पण फोन इथे आणि तो साताऱ्याला. ओटीपी त्याने मागितलाही नाही. विपुल सुटला."

"दुसरी गोष्ट, मढवी नावाचं खातं. ते निशिगंधाला आठवत नाही, म्हणजे ते कुणीतरी तिच्या वतीने, लग्नाआधी उघडलेलं. अशी एकच रक्कम तिने मला सांगितली. वडिलांनी दोन्ही मुलांच्या नावावर ठेवलेली."

गोटीरामांनी मान वर केली. "म्हणजे जोड खातं!"

"हो काका. आणि तिसरी गोष्ट सगळ्यात महत्त्वाची. चोर पैसे अशाच खात्यात वळवतो, जिथून त्याला ते काढता येतात. नंदकिशोर फोनपाशी होते, पण त्या खात्यावर त्यांचं नाव असणं शक्य नाही. बायकोच्या पॅनवर कुठलं आडनाव आहे, हेही त्यांना ठाऊक नाही."

नंदकिशोर ओशाळला.

"मी तिघांना एवढंच सांगितलं, की पैसे मिळाले नाहीत. एकाला वाटलं, क्लायंटने भरले नाहीत. दुसऱ्याला वाटलं, कंपनीने अडवले. केतन, तू मात्र बँक बंद असल्याचं सांगितलंस. पैसे बँकेत पडलेत हे तुला कुणी सांगितलं?"

केतनने आईकडे पाहिलं. मग एकदम उसळला.

"हा, मी केलं! माझ्या डंपरच्या कर्जाचे तीन हप्ते थकलेत. परत देणारच होतो. आणि चोरी कसली? खातं तिच्याच नावाचं आहे! नवरा कमावतोय, ही घरात बसून किडे काढते. तिला कशाला लागतात एवढे पैसे?"

निशिगंधा त्याच्यासमोर येऊन उभी राहिली. "फुलपाखराच्या एका पंखाला मला चार दिवस लागले, केतन. मान धरायची, डोळ्यांतून पाणी यायचं. मागितले असतेस तर दिले असते. तू मागितले नाहीस, कारण ते माझे आहेत हेच तुला मान्य नाही!"

"पोरी, भाव हाय तुजा," पुतळाबाई कळवळल्या. "घरान मिटव."

"आणि बाबांनी ठेवलेले? ते खरंच लग्नात संपले होते, आई?"

पुतळाबाईंनी खाली पाहिलं.  

सोमवारी बँकेचं शटर वर गेलं तेव्हा निशिगंधा केतनकडून घेतलेलं पासबुक घेऊन पायरीवर उभी होती. नंदकिशोर शेजारी, मागे राजलक्ष्मी आणि गोटीराम. त्या जुन्या खात्याला ना कार्ड होतं, ना ऑनलाइन सोय; दोघांपैकी एकाच्या सहीच्या स्लिपवरच पैसे निघत. सगळी रक्कम तिने आपल्या खात्यावर वळवली. मॅनेजरने खात्याचा जुना उतारा हातात दिला. वडिलांनी ठेवलेले साडेसहा लाख तिच्या लग्नानंतर दोन वर्षांनी काढले गेले होते. स्लिपवर एकच सही होती, केतनची.

तिथून ती थेट पोलीस चौकीत गेली. ड्युटीवरच्या साहेबांनी कागद चाळले, पेन बाजूला ठेवलं.

"ताई, पैसे तर मिळाले. घरातलंच प्रकरण आहे. सख्खा भाऊ. कशाला वाढवता?"

निशिगंधाने खुर्ची पुढे ओढली. पेन उचलून त्यांच्या हातात दिलं.

"लिहा," ती म्हणाली. "केतन धर्मराज मढवी, राहणार तळवली. आणि माझा व्यवसाय विचाराल, तर गृहिणी लिहू नका. चित्रकार लिहा."