मोठ्या सिस्टर आल्या

भुताखेतांच्या अनुभवांच्या या पानावर बहुतेक गोष्टी रात्रीच्या असतात. माझी भरदुपारची आहे, आणि ती घडली तेव्हा मी पूर्ण जागी होते. खोटं सांगून मला काही मिळणार नाही. यात माझी आई आहे.

आई लहान मुलांच्या इमर्जन्सी विभागात मुख्य परिचारिका होती. सगळे तिला ‘मोठ्या सिस्टर’ म्हणायचे. तिच्या हॉस्पिटलने एक अ‍ॅप आणलं होतं. गंभीर आजारी मूल घेऊन निघालात की वाटेतूनच त्याचं वय, वजन, त्रास त्यात भरायचा. तिकडे सगळ्यांचे फोन वाजतात, वजनावरून औषधाची मात्रा आधीच निघते. जो खाटेपाशी पोहोचतो तो बटण दाबतो आणि त्याच्या नावापुढे हिरवा दिवा लागतो. ते दिवे आईबापांनाही दिसतात. तो हट्ट आईचाच.

“वाटेत त्या बिचाऱ्यांना कळायला नको का, पुढे कुणीतरी उभं आहे ते?”

ती गेली तो सुट्टीचा दिवस होता. आमच्याकडे जेवायला आली होती. माझ्या फोनवर ते अ‍ॅप टाकून माझ्या लेकीला, चिंगीला, शिकवत बसली होती. चिंगीची कापडी बाहुली पेशंट झाली होती.

“आजी, हिला काय झालंय?”

“हिला चिंगी झालीय. फार अवघड दुखणं.”

माझा नवरा स्वयंपाकघरातून ओरडला, “आई, त्यात जावयाची नोंद होते का? भुकेने जीव चाललाय.”

“लहान मुलांसाठी आहे हो ते. पण तुम्ही बसता त्यात.”

बाहुली तपासण्याआधी आईने मनगटावरचं घड्याळ काढून स्टीलच्या वाटीत टाकलं. टण्ण. ही तिची कायमची सवय. पट्ट्याची कड मुलांच्या नाजूक कातडीला लागू नये म्हणून. विभागात ती ते स्टीलच्या ट्रेमध्ये टाकायची. तो आवाज आला की नव्या नर्स ताठ उभ्या राहतात, असं हसून सांगायची.

मग तिचा फोन वाजला. खरा.

ताट अर्धवट टाकून ती उठली. घड्याळ उचललं, पायात चपला सरकवल्या.

“येतेच गं.”

हे ‘येतेच’ मी लहानपणापासून ऐकत आले. माझ्या वाढदिवसाला, माझ्या परीक्षेच्या सकाळी, मी तापाने फणफणलेली असताना. मी दारात उभी राहायचे आणि मान हलवायचे. त्या दिवशीही हलवली.

ते मूल वाचलं. आई कपडे बदलायच्या खोलीत खुर्चीवर जरा टेकली... आणि उठलीच नाही.

तिचं घड्याळ विभागातल्या नर्सनी माझ्या हातात दिलं. मी ते कपाटात कुलपात ठेवलं.

काही महिन्यांनी चिंगीला ताप आला. दुपारी औषध देऊन तिला निजवलं आणि मी कपडे वाळत घालत होते. खोलीतून पलंग हादरल्याचा आवाज आला...

आकडीचा झटका होता. थांबेना.

नवरा परगावी. शेजारच्या काकांनी गाडी काढली. मागच्या सीटवर चिंगीला कुशीवर धरून मी एका हाताने अ‍ॅप उघडलं. वय. वजन. झटका.

डॉक्टर... हिरवा दिवा.

औषधं... हिरवा दिवा.

सिस्टर...

तिथे नुसतं एक वर्तुळ फिरत होतं.

शाळेची बस उलटली होती आणि सगळ्या सिस्टर त्या मुलांपाशी अडकल्या होत्या, हे नंतर कळलं. तेव्हा मला फक्त ते वर्तुळ दिसत होतं. आणि चिंगीचे निळे पडत चाललेले ओठ.

“काका, लवकर!”

“पोरी, सिग्नल तोडत चाललोय. आता उडवू का गाडी?”

मी फोनलाच विनवत होते. “कुणीतरी या. कुणीतरी या हो...”

वर्तुळ थांबलं.

हिरवा दिवा लागला.

मोठ्या सिस्टर.

आईनंतर ते नाव कुणालाच दिलेलं नव्हतं.

विभागात रडारड चालली होती. कोपऱ्यातल्या पडद्यामागची खाट मात्र तयार होती. लहानातला मास्क जोडलेला, ऑक्सिजन सुरू. शेजारी कुणीच नाही. डॉक्टर धावत आला. तरुण, नवा. मास्क लावून तो शीर शोधू लागला. चिंगीचा हात उडत होता. सुई हुकली. पुन्हा हुकली. मी तिचे पाय धरून उभी होते.

आणि मग...

टण्ण.

ट्रे माझ्या समोरच होता. रिकामा.

चिंगीचं अंग तसंच हादरत होतं. पण तो एक हात... थांबला. मनगटापासून घट्ट. कातडीवर चार बोटांचे खळगे उमटले होते.

“हं, असंच धरा, सिस्टर,” डॉक्टर मान वर न करता म्हणाला.

खाटेपलीकडे कुणीही नव्हतं.

सुई लागली. औषध गेलं. चिंगी सैल पडली. मला वाटलं, संपलं...

मग ती रडली.

संध्याकाळी डॉक्टरने मला विचारलं, “ताई, त्या सिस्टर कोण होत्या? आभार मानायचे राहिले.”

“कशा दिसत होत्या?”

“चेहरा नाही पाहिला. फक्त हात. मनगटावर घड्याळाची फिकट खूण होती.”

घरी आल्या आल्या मी कपाटाचं कुलूप काढलं. घड्याळ जागेवर होतं. पट्टा कोमट होता... आत्ताच कुणी हातातून काढल्यासारखा.

चिंगी आता बरी आहे. पण केस संपल्यावर अ‍ॅपमधले बाकीचे दिवे विझले, तो एक विझला नाही. अ‍ॅप सांभाळणारा मुलगा फोनवर म्हणाला, “ताई, आईंचं खातं त्या गेल्या तेव्हाच बंद केलंय मी. आताही पुसलं. परत येतंय. मला विचारू नका.”

खाली पालकांसाठी एक बटण आहे. ‘आता मदत नको.’ ते दाबलं की सगळे मोकळे होतात.

“दाबून टाक,” नवरा म्हणतो. “किती राबवायचं आईंना? जाऊ दे त्यांना.”

त्याचं खरं आहे. मला भीतीही वाटते. चिंगी हल्ली झोपेत एक हात पुढे करते आणि तो हात हवेत तसाच राहतो...

काल दुपारी मी त्या बटणावर अंगठा ठेवला. घरात मी एकटी.

स्वयंपाकघरात वाटी वाजली. टण्ण.

मी वळून पाहिलं नाही. अंगठा उचलला. आणि लहानपणापासून दारात उभी राहून जे कधीच बोलले नव्हते, ते मोठ्याने बोलले.

“आई, जाऊ नकोस.”