रिकामा रणगाडा

ही गोष्ट रचलेली नाही. माझ्या सख्ख्या मामांसोबत घडलेली आहे. भुताखेतांवर त्यांचा काडीचाही विश्वास नव्हता.

रात्रही नव्हती. थंडीतली स्वच्छ सकाळ होती आणि जागा होती शस्त्रांच्या चाचणीचं उजाड माळरान.

मामांचं काम साधं होतं. हेलिकॉप्टरमधून सोडलेलं क्षेपणास्त्र रणगाड्यावर आदळलं की आत शिरायचं आणि भोक कुठून कुठवर गेलं ते मोजायचं.

त्या दिवशीचा रणगाडा कुठल्यातरी जुन्या लढाईतून ओढून आणलेला होता. इंजिन काढलेलं. क्षेपणास्त्र उष्णता बघून नेम धरतं, म्हणून मागच्या बाजूला तापवायच्या पट्ट्या लावल्या होत्या.

आत कोणी नाही, हे मामांनी स्वतः बघितलं. झाकण लावलं. मग नियंत्रण कक्षात येऊन पडद्यासमोर बसले.

पडद्यावर जे गरम ते पांढरं दिसतं. रणगाड्याची मागची बाजू पांढरी दिसत होती. ठीक होतं.

आणि मधोमध... आणखी तीन पांढरे ठिपके.

माणसं बसतात तिथेच.

"जाड लोखंडाच्या आतलं कॅमेऱ्याला दिसत नाही," मामा म्हणाले. "साहेब, हे काय आहे?"

"ऊन असेल," मोठे साहेब सँडविच खात म्हणाले. "मारा."

क्षेपणास्त्र सुटलं. आधी वर चढलं, मग सरळ खाली. रणगाड्याचं छत सगळ्यात पातळ असतं ना. पहिला छोटा स्फोट वरचं कवच उडवतो. दुसऱ्या स्फोटात क्षेपणास्त्राच्या आतली तांब्याची वाटी चेपून धार होते, आणि ती धार पोलादातून सुरीसारखी आत जाते.

छताला बाहेरून भोक पडलं, जेमतेम बोटाएवढं.

धूर निवळल्यावर मामा आत उतरले.

आधी वास आला... तव्यावर जळून राहिलेल्या चरबीचा.

भिंती ओल्या होत्या. काहीतरी पिवळट, चिकट, कोमट. बोट लावलं तर तार निघाली.

साहेबांनी वरून डोकावलं. हातात उरलेलं सँडविच होतंच.

"जुनं ग्रीस वितळलंय," ते म्हणाले.

"ग्रीस मी ओळखतो, साहेब. याला केस चिकटलेत."

साहेबांनी शेवटचा घास तोंडात टाकला. "पुसून घ्या. दुपारी पाहुणे येतायत. त्यांच्यासमोर पुन्हा मारायचंय."

मामांनी पुसलं. चिंध्या पुरेनात.

दुपारी ऊन चढलं. पाहुणे गॉगल लावून खुर्च्यांवर बसले. मामा शेवटचं बघायला रणगाड्यावर चढले.

झाकण उघडेना.

गंजलेलं नव्हतं. थोडं हलत होतं, आणि मग... आतून कोणीतरी खाली ओढून घेत होतं.

मामा धावत परत आले. "साहेब, झाकण आतून कोणीतरी ओढून धरलंय. थांबवा हे."

"रिकामा डबा आहे हो तो," साहेब हसून पाहुण्यांकडे वळले. "मारा."

क्षेपणास्त्र आदळलं. पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या. मामा शेडच्या मागे निघून गेले.

नंतर झाकण मामांच्या एका हाताने सहज उघडलं. मामा आत गेले नाहीत. साहेब गेले.

बाहेर आले ते दोन्ही हात अंगापासून लांब धरून. नळाखाली हात धूत राहिले... पाहुणे निघून गेले तरी धूतच होते.

क्षेपणास्त्र पास झालं. मामांनी नोकरी सोडली.

आजही ते हे सांगताना भुताला घाबरत नाहीत. त्यांना शिसारी येते ती त्या टाळ्यांची.

गेल्या महिन्यात मी त्यांच्याकडे गेलो होतो. जेवताना फोन आला. त्यांच्या जागी आलेला माणूस होता. तोच रणगाडा, नवी चाचणी. झाकण अडकतंय, तुम्ही कसं उघडायचात, म्हणून विचारत होता.

मामांनी ताट बाजूला सारलं. "उघडू नका. आधी वरून वाजवा. आतून उत्तर आलं तर मारू देऊ नका."

फोन स्पीकरवर होता, म्हणून पुढचं मीही ऐकलं.

"सकाळी मारायच्या आधी वाजवलं होतं. उत्तरही आलं होतं," तो हळूच म्हणाला.

"मग?"

फोनमधून फक्त पाणी वाहत असल्याचा आवाज येत होता...

आणि कोणीतरी हात चोळत होतं.