निळी काच

मोबाईल ठेवा रं बाजूला. गोष्ट मोबाईलचीच हाय म्हणा, पर ठेवा.

सयाजीला तुमी वळखता. शिरोलीच्या फौंड्रीत फोरमन हाय त्यो. त्यानं सांगितलं तेवढंच सांगतो, माझ्या पदरचं काय न्हाय.

गेल्या दसऱ्याची, गुरुवारची रात. खंडेनवमीला हत्यारं पुजून बंद ठेवलेली भट्टी त्या रातीला पुन्हा पेटवलेली. सयाजीचा पोरगा राजवीर तिथंच रातपाळीला. सणादिशी पोरगं पोळीबिगर ऱ्हायला नको, म्हणून सयाजी डबा आन् आपट्याची चार पानं घेऊन गाडीवरनं निघाला.

निघताना त्यानं मोबाईल बघितला. आता भट्टीचं तापमान मोबाईलवर दिसतंय की! भट्टीवर कॅमेरा बसवलाय. त्यो वितळलेल्या लोखंडाचा रस बघतोय, आन् कॉम्प्युटर विजेचा जोर कमी-जास्ती करतोय. आदी ही बघायचं काम भट्टीवरच्या आकारामचं. डोळ्याला निळी काच लावून रस बघायचा आन् तापमानाचा आकडा सांगायचा, कवा चुकला न्हाय. तीन म्हैनं त्यो आकडं सांगत गेला, सयाजी कॉम्प्युटरला शिकवत गेला. शिकून झालं, तसं आकारामला घरी बसवलं. आषाढात गेला बिचारा. ती निळी काच सयाजीनंच चितेवर ठेवली, आन् तिसऱ्या दिशी रक्षेसंगं पंचगंगेत सोडली. लाज वाटत हुती गड्याला. वाटायलाच पायजे.

मोबाईलवर सगळं हिरवं. चौदाशे पन्नास, पायजे तेवढंच. सयाजी निवांत.

सव्वादोनला त्यो शेडात शिरला. वर, भट्टीच्या कठड्याजवळ राजवीर आन् त्याचा जोडीदार. आन् त्यांच्या मागं तिसरा एक माणूस. पाठमोरा. डावा खांदा पडलेला.

तसला खांदा एकाचाच.

"आकाराम...?"

वळला न्हाय. बोलला मातर.

"माझा डोळा घेतलासा न्हवं, सयाजीराव?"

सयाजी दोन पायऱ्या वर चढला.

"मग त्येच्यात कुकू कुणी भरलं?"

...

सयाजीनंच. खंडेनवमीला सगळ्या हत्यारांवर बोट लावत गेला, तसंच कॅमेऱ्यालाबी लावलं. मनोभावे. हळदी-कुकवाचं. काचेवरच...

त्यानं भट्टीत बघितलं. रस पांढराफेक. खदखदतोय. कॅमेऱ्याला कुकवाआडनं ती धग दिसंना, आन् मोबाईलवरचा हिरवा आकडाबी त्येचाच. रस गार हुतोय म्हणतोय... जोर वाढवा म्हणतोय... आन् कॉम्प्युटर वाढवतोय.

"राजवीर! पळ! खाली उतर!"

डबा पडला. सयाजीनं मेन स्विच पाडला. पोरांनी उड्या टाकल्या. आणखी धा मिंटं गेली असती तर भट्टीची भिंत फुटली असती, आन् दोघांचं हाडबी गावलं नसतं.

भट्टीचा आवाज थांबला.



"तुमच्या मागं कोण हुतं रं?"

"कोण न्हवतं, आबा. आमी दोघंच."

सयाजी वर गेला. एकटाच. तिसरा उभा हुता तिथं कठड्यावर कायतरी चकाकत हुतं.

निळी काच. एक कोपरा जळालेला.

तसल्या धगीत, पोरानू... थुकी पडली तरी चर्र वाळती तिथं...

काच वलीगार हुती. पाणी ठिबकत हुतं.