उंबऱ्यापलीकडचे सात

मोबाइल ठेव तो खाली, नचिकेत. डोकं उठवलं त्या टिनटिनीनं. हे आमच्या कुरुंद्यातलंच हाय, माझ्या पुतण्याच्या बायकोसंगं घडलेलं, पुनमसंगं. हसायचं न्हाई.

मागच्या होळीच्या आदल्या बुधवारची रात. हळद शिजवायचे दिवस. पुनम नवऱ्याचा, बालाजीचा, डबा घेऊन आखाड्यावर, शेतातल्या खोलीवर, गेली. बालाजी जेवला अन् डिझेल आणायला निघाला. "हळदीवर ध्यान ठेव, आलोच," म्हणला.

पुनम खोलीत दिव्याखाली पुस्तक उघडून बसली. सकाळी दहावीचा गणिताचा पेपर. लगीन झाल्यावर दोनदा बसली, दोनदा नापास. सासूनं ठणकावलेलं, या बारीला गेलं तर पुस्तकं चुलीत. पोरीला तर नर्स व्हायचं होतं.

तीन एक्स वजा सात बराबर अकरा. उत्तर सहा. हिचं काही केल्या सहा येईना. खोडलं, पुन्हा केलं. तेच! "काहून जमून नाही राहिलं मला? मसणात जावं हे गणित!" म्हणून तिनं पेन भिरकावला. रडकुंडीला आलती बिचारी.

"सात उंबऱ्यापलीकडं गेला ना, पोरी? मग चिन्ह काहून बदललं न्हाई?"

दाराबाहेरून आवाज आला. तिच्या माहेरचे, डोंगरकड्याचे किसनसिंग गुरुजी. वर्गात सांगायचे, बराबरचं चिन्ह म्हंजे घराचा उंबरा. बाहेर पायात चपला, आत अनवाणी. तसं उंबरा ओलांडला की वजाचं अधिक.

वैताग असा चढलेला, की मान वर न करताच ती फणकारली, "मग आत या अन् तुमीच दाखवा, गुरुजी!"

चपला काढल्याचा आवाज आला.

तवा तिला आठवलं. गुरुजी दिवाळीतच गेलेले. ती स्वतः मातीला जाऊन आलेली...

मान वळेना. समोरच्या दारात कुणी न्हाई. पण श्वास... मागं... खांद्यापाशी.

भिरकावलेला पेन पुन्हा बोटांत आलता, हात आपोआप चालला. सात पलीकडं गेला. अधिक झाला.

अठरा.

सहा...

बालाजी आला तवा ती भिताडाला चिकटून बसलेली. त्यानं इचारलं, "दारात कुणाच्या चपला हायेत गं?"



पास झाली पुनम. आता अकरावीला हाय. सासूनं पेढे वाटले. पण आखाड्यावर पाय ठेवत न्हाई ती.

चपला अजून तिथंच हायेत, उंबऱ्याबाहेर, बोटं आतल्या बाजूला. आत आलेलं माणूस त्या घालून माघारी गेलेलंच न्हाई.