ओठांतल्या टाचण्या

"तुमची गाठ मी खरवडून टाकली," तो म्हणाला.

मी काय बोलणार... तोंडात मापाचा ट्रे, ट्रेमध्ये गार लगदा, आणि ट्रे धरून उभा तोच. दातांच्या डॉक्टरांनी "चार मिनिटं धर" म्हणून आपल्या प्लास्टरवाल्याला माझ्यापाशी सोडलं होतं.

"म्हणजे खरी नाही, प्लास्टरच्या जबड्यावरची. मापात बुडबुडा राहिला की मॉडेलवर फुगा येतो. तो आम्ही रोजच खरवडतो. मला वाटलं, हाही तसलाच..." त्याचे कान लाल झाले. "म्हणून माप परत."

मला हसू आलं आणि लाळ गळली. त्याने कागद पुढे केला नि स्वतः खिडकीबाहेर बघत राहिला. ही जमेची बाजू. खर्चाची म्हणजे, त्याची पँट बुटांवर चांगली दोन बोटं लोळत होती.

ट्रे निघाल्यावर मी म्हटलं, "इतकं सोपं असेल तर ऑपरेशनही तुम्हीच उरका."

गाठ साधी होती. हाडाचीच वाढ, कॅन्सर नाही. पण खालच्या जबड्याच्या आतल्या अंगाला, पार मागे. जीभ दिवसभर तिथेच चाचपत बसायची. सर्जनपुढे दोन वाटा. तोंडातून गेलं तर व्रण नाही, पण जागा अरुंद. जबड्याखाली चीर दिली तर सगळं नीट दिसतं, पण ओठाचा कोपरा हलवणारी नस तिथूनच जाते. ती दुखावली तर ओठ लुळा पडतो, बहुतेक वेळा काही महिन्यांपुरता.

ते 'बहुतेक' मला स्वस्थ बसू देईना. मावशीच्या दुकानात मी कपडे अल्टर करते. टाचण्या ओठांत धरते. ओठ गेला म्हणजे माझा तिसरा हात गेला.

सर्जन मॉडेलवर हत्यार टेकवून वाट ठरवणार होते. म्हणून दुसऱ्या दिवशी मी प्लास्टरवाल्याची लॅब गाठली. माझा जबडा टेबलावर वाळत होता.

"थोडी खरवडा ना," मी म्हटलं. "हात बसलेलाच आहे तुमचा. लहान दिसली तर आतून काढतील."

"आणि आत गेल्यावर मोठी निघाली तर?"

मी खरवडणी त्याच्यापुढे सरकवली. त्याने ती बाजूला ठेवली.

"कंबर चौतीस असली तर बत्तीस सांगता का तुम्ही गिऱ्हाइकाला?"

"सांगते. खूश होतात."

"आणि शिवता किती?"

"...चौतीस."

त्याने मॉडेल कापसात गुंडाळलं. कणभरही खरवडलं नाही. मी तणतणत घरी आले.

सर्जनने हत्यार टेकवलं, मान हलवली. बाहेरूनच.

बोराएवढी गाठ निघाली. टाके बघून मावशी म्हणाली, "शिवण बरी आहे. आपण आणखी बारीक घातली असती." पण डावा कोपरा लोंबला तो लोंबलाच. टाचणी धरावी, ती घरंगळावी. धरावी... घरंगळावी.

आणि हा प्लास्टरवाला पँट आखूड करायला येऊ लागला. दर आठवड्याला. दोनच पँटी, आळीपाळीने.

"पाय आखूड होतायत का रे तुझे?" मावशीने विचारलं.

"हो... म्हणजे नाही, मावशी."

माझ्या ओठाकडे बघायचा नि नजर खाली. "माझ्यामुळे झालं ना?"

"गाठ तुम्ही लावली होती का?" मी टाचण्या उशीवरून घेत म्हणायची. तो गेला की मात्र आरशासमोर एक टाचणी धरून बघायची.

तिसऱ्या महिन्यात एक राहिली. मग दोन. तो स्टुलावर उभा राहिला त्या दिवशी, मी खाली गुडघ्यांवर, ओठांत चार टाचण्या. त्याने त्या मोजल्या, मला कळलं.

"तुम्हाला बोलता येत नसतं तेव्हाच मला बोलायला जमतं," तो म्हणाला. "ही पँट ठीक होती... तीही. आणि तुमचं ते मॉडेल सर्जनकडून परत आलंय. टाकून द्यायचं असतं. मी नाही टाकलं. रोज समोर ठेवून काम करतो. गाठीसकट आवडतं मला..."

मावशीचं मशीन थांबलं.

मी एक टाचणी पँटच्या दुमडीत टोचली. दुसरी. तिसरी. चौथी ओठांतच ठेवली, उगाच, जरा वेळ. माझा ओठ ढळला नाही.

मग तीही काढली.

"आता आखूड केली तर हिची अर्धी चड्डी होईल," मी म्हटलं. "पुढच्या वेळी नुसताच ये."